सायकल, एसटी आणि मटकीची उसळ

दिवाळीच्या सुट्या संपल्या आहेत. पवनीत सकाळी नऊला अजून हवेत गारवा आहे. जवाहर दरवाज्यापाशी ऊन हळूहळू दगडांवर चढतं आहे. समोरून सायकली येतात. पुढे दोघी जोडीने, मागे तिसरी. तोंडाला ओढणी, कॅरिअरला दप्तर, हँडलला डब्याची पिशवी. घंटी कुणाच्याच सायकलला धड नाही. वळणावर तोंडानेच ओरडायचं.

तटाच्या उतारावर शेळ्या चरताहेत. या मातीच्या तटाने आणि खंदकाने दोन हजार वर्षांहून जुनं गाव पाठीशी घातलं आहे. मुलींना त्याचं काही नाही. त्यांना प्रार्थनेच्या आधी पोचायचं आहे.

मी बसस्थानकाकडे वळतो. इथे थांबणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. गावाकडून आलेल्या गाडीतून गणवेशांचा लोंढा उतरतो. दाराशी रेटारेटी. आत बाकं भरलेली, मधली वाटही भरलेली. वाहक शेवटच्या पायरीवरच्या पोराच्या दप्तराला धरून त्याला अलगद खाली सोडतो. दुसऱ्या गाडीसाठी फलाटावर मुली थांबल्या आहेत. एक पुस्तक उघडून बसली आहे, दुसरी तिची वेणी घालते आहे.

"आली का वं गाडी?"

"नाही आली ना वं. आतापावतर यायले पायजे होती."

पास सगळ्यांच्या दप्तरात आहे. प्लास्टिकच्या पाकिटात, कोपरे मऊ झालेला. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मुलांना भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. तालुक्याच्या गावी शिकायला येणाऱ्या मुलांच्या घरांसाठी ही फार मोठी सोय आहे. मानव विकास कार्यक्रमातली निळी गाडी तर खास मुलींच्या शाळेसाठीच आहे. पण पास असला तरी गाडी वेळेवर हवी. ती अर्धा तास उशिरा आली की पहिला तास गेला. संध्याकाळची चुकली की बाप मोटारसायकल काढतो. दोन-तीनदा असं झालं की बाप रोजच मोटारसायकल काढतो. शाळेच्या फाटकापाशी धुराची गर्दी होते ती अशी, कुणाच्या हौसेने नव्हे.

गावाबाहेरच्या रस्त्याला लागतो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. काही कापून झाल्या आहेत, काही अजून पिवळ्या उभ्या आहेत. मध्ये पुंजणे. ओल्या तणसाचा वास. रस्ता रुंद आहे, पण त्याला कड नाही. डांबर संपलं की सरळ गिट्टी आणि खड्डा. मागून रेतीचा टिप्पर येतो. पुढे सायकलींवर चाललेल्या चार मुली एकदम खाली उतरतात. सायकली गवतात नेतात, चेहरे फिरवतात. टिप्पर जातो. धूळ बसेपर्यंत उभ्या राहतात. मग पुन्हा पायडल. यात बोलणं थांबत नाही. काल घरी कोण आलं होतं, गणिताचा गृहपाठ कुणी केला, सगळं तिथल्या तिथे पुढे सुरू.

राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत घर असावं लागतं. आधी साडेतीन हजार मिळत, आता पाच हजार. पाच किलोमीटर म्हणजे रमतगमत पंचवीस मिनिटं. जाऊन-येऊन पन्नास. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज साठ मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या मुलींचा हिशेब रस्त्यावरच जवळजवळ पुरा होतो. पेट्रोल शून्य.

म्हणून मला वाटतं, पर्यावरण जपणारा प्रवास या मुलांना फळ्यावर शिकवायची फार गरज नाही. ती तो रोज करतात. तो त्यांच्या हातून सुटू नये, एवढं मोठ्यांनी बघायचं आहे. रस्त्याला कड द्यायची. गाडी वेळेवर सोडायची. मोटारसायकल ही ऐपतीची आणि सायकल ही गरिबीची खूण, हे घरात बोलायचं नाही.

शाळेच्या आवारात शिरतो तेव्हा बारा वाजून गेले आहेत. सकाळचे स्वेटर आता कमरेला बांधलेले. स्वयंपाकखोलीच्या दारात उभं राहिलं तरी चेहऱ्याला धग लागते. वर पत्रा तापलेला, खाली मोठा गॅस. एका गंजात भात, दुसऱ्यात मटकीची उसळ. मटकी परवा भिजवलेली, काल बांधलेली, आज चांगले मोड आलेली. दोघी ताई पदर खोचून उभ्या आहेत. एक सराट्याने तळापासून ढवळते. दुसरी सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरते. फोडणीत भेदरं, म्हणजे टोमॅटो, पडतात आणि वाफ एकदम दारापर्यंत येते.

"मीठ बघा जी, मॅडम."

मॅडम बशीत दोन घास घेऊन खातात. मुलांच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत तशी नोंद करायची, हा नियम आहे. मॅडम मान हलवतात. सही होते.

घंटा होते आणि हापशीवर झुंबड उडते. एक दांडा दाबतो, पाच जण हात धरतात. मग व्हरांड्यात रांग. ताटं घरून आणलेली. कुणाचं स्टीलचं, कुणाचं जर्मनचं, एकावर आजीचं नाव कोरलेलं. रांग उन्हात पोचते तिथे पोरं पाय बदलत उभी राहतात, कारण चपला वर्गाबाहेर राहिल्या आहेत. पहिलीतलं पोर ताट डोक्यावर धरून सावली करतं.

पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ-कडधान्य, पन्नास ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला याच्या दीडपट. ठरलेलं मोजमाप लहानांना 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 आणि 20. कागदावरचे हे आकडे इथे ताईच्या हातातल्या पळीत असतात. पळी ताटावर थांबते. ताई पोराच्या तोंडाकडे बघते. अर्धी पळी आणखी पडते.

"अजून पायजे का रे बाबू?"

"हाव. पाणी नोको, दाणे दे."

रांगेतली एक मुलगी मॅडमना विचारते, "अंडी कवा भेटन?" मॅडम तिच्या डोक्यावर हात ठेवतात, बोलत नाहीत. 2023 च्या शेवटी आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं सुरू झालं. 2025 च्या जानेवारीत अंड्यासाठीचा सरकारी पैसा थांबला. आता लोकवर्गणीतून जमलं तर जमवायचं. वाढत्या वयाच्या ताटातून काही कमी करायचं असेल, तर अंडं सगळ्यात शेवटी कमी व्हायला हवं होतं. मुलगी उसळ घेऊन पुढे सरकते.

जेवण भिंतीच्या सावलीत, मांडी घालून. सुरुवातीला आवाज नसतो. मग एक जण मटकी बाजूला काढतो. शेजारचा ती आपल्या ताटात घेतो.

हापशीचं सांडपाणी चर खणून मागे नेलं आहे. तिथे परसबाग. वांगी, मेथी, बरबटीचा वेल, कुंपणाला पोपटाच्या शेंगा, ओलीत धोप्याची मोठी पानं. सातवीची मुलं ताटं धुऊन इकडे येतात. एक मुलगी बरबटीची शेंग तोडून तशीच चावते. घरी हीच भाजी ती बाजूला सारते, असं तिची मैत्रीण मोठ्याने सांगते. ती हसते आणि दुसरी शेंग तोडते. आहाराचे धडे मी बरेच ऐकले आहेत. स्वतः पाणी घातलेल्या वेलाइतका पटणारा एकही नव्हता.

फाटकाबाहेर ऊन आता डोक्यावर आहे. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेपासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्राचा 2020 मधला नियम आहे. मी पावलं मोजत निघतो. तीस होतात न होतात तोच पाकिटांच्या माळा लोंबताना दिसतात. लाल, पिवळ्या, चकचकीत. पाच रुपये. पोरांची मूठ उघडते, पाकीट फुटतं, मोकळं पाकीट नालीत.

त्याच्याच पलीकडे एक बाई टोपली घेऊन बसली आहे. बोडीतले शिंगाडे, उकडून काळे झालेले. तळ्यांच्या या जिल्ह्यात आता त्यांचेच दिवस आहेत. वाटा दहाचा. दोन मुलं घुटमळतात. एकाजवळ पाच, दुसऱ्याजवळ पाच. बाई त्यांना मिळून एक वाटा देते आणि वर दोन शिंगाडे टाकते. दाताने साल फोडत, थुंकत दोघं फाटकाकडे पळतात. पाकिटाचा भाव आणि अर्ध्या वाट्याचा भाव सारखाच निघतो. फरक एवढाच की पाकिटं रोज टांगलेली असतात आणि बाई हंगाम संपला की येत नाही. बोरं, पेरू, चणे-फुटाणे, उकडलेली फल्ली घेऊन कुणी इथे बारमाही बसलं, आणि शाळेने त्यांना फाटकाजवळची सावली दिली, तर पोरं काय घेतील हे मला आज दिसलं आहे.

पाच वाजता शाळा सुटते. पंक्चरच्या दुकानासमोर तिघी थांबल्या आहेत. सायकल एकीचीच बसली आहे, पण उरलेल्या दोघी पुढे गेलेल्या नाहीत. काका ट्यूब घमेल्यात बुडवतात. बुडबुडे दोन जागी.

"टायरच गेला वं हा. ट्यूब काय करन?"

सायकलीसाठी पैसे मिळाले, टायर बदलायला कुठून आणायचे? मुलगी बोटांनी टायरची चीर दाबून बघते.

"बाबाले सांगतो काका. पण उद्या पेपर हाय."

काका आत जातात. जुन्या टायरचा तुकडा कापून आणतात, चिरेच्या आत गेटर बसवतात, हवा भरतात, अंगठ्याने दाबून बघतात. पैसे ट्यूबच्या दोन ठिगळांचेच घेतात.

"चार दिवस चालन. पण सावकाश जाजा. आन टिप्पर दिसला का उतरजा."

"हाव काका," तिघी एकदम म्हणतात आणि पायडल मारतात.