सुरमई पाहुण्यांना, शेजवान घरच्यांना

शनिवारी मांडव्याच्या जेटीवर उतरणाऱ्या मुंबईकराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे कुठे चांगले मिळतात? अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही जा, त्याच्यासाठी पाट्या तयारच असतात. सुरमई थाळी, पापलेट थाळी, घरगुती जेवण, सोलकढी मोफत. त्याच संध्याकाळी गावातलं एखादं कुटुंब पोराचा दहावीचा निकाल साजरा करायला बाहेर पडलं, तर ते या पाट्यांकडे ढुंकूनही बघत नाही. घरी रोज बांगडा नाहीतर कोळंबी शिजते. त्यासाठी बाहेर पैसे कोण मोजणार? ते जातं चायनीजच्या गाडीवर.

रायगडच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांचं स्वतःचं म्हणता येईल असं हॉटेल कुठलं, याचं खरं उत्तर ही लाल रंगाची, ड्रॅगन काढलेली, चार प्लॅस्टिकची टेबलं मांडलेली गाडी आहे. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात तिला कुणी जागा देणार नाही, पण एसटी स्टँडपासून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी सर्वांत आधी दिवा तिचाच लागतो.

तिच्या आधी काय होतं ते आठवून बघावं. नोकरदार एकट्या पुरुषांसाठी खानावळ होती, मिसळ-भजीची हॉटेलं होती. ती संध्याकाळी लवकर आवरायची. रात्री उघडी राहायची ती परमिट रूम, आणि तिथे बायकापोरांना घेऊन कोण जाणार? ऐंशीच्या दशकात थळला खताचा मोठा कारखाना आला, पुढे डोलवीला पोलादाचा. महिन्याचा पगार, पाळ्यांची नोकरी आणि वसाहतींमधली परप्रांतीय कुटुंबं यांमुळे रात्री बाहेर खाणारं गिऱ्हाईक वाढलं. 1983 साली मॅगी बाजारात आली आणि पोरांच्या जिभेला नूडल्सची सवय लागली. थोड्या पैशांत दोघांचं पोट भरेल, टेबलाशी बसता येईल, आणि कॉलेजातल्या मुली चौघी-चौघींनी येऊन निवांत खातील अशी जागा गावात नव्हती. गाडीने ती मोकळी जागा भरून काढली.

हे जेवण आलं समोरच्या किनाऱ्यावरून. मुंबईतली जुनी चिनी वस्ती माझगावची, गोदीच्या आसपासची. खलाशी, सुतार असे लोक. त्यांनी 1919 साली बांधलेलं सी यूप कून हे देऊळ आजही तिथे आहे. ज्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते, तो धक्का या देवळापासून फार लांब नाही. दुसरी वाट गेटवेची. मांडव्याच्या बोटी जिथून निघतात, त्याच्या समोरच ताज आहे, आणि त्या ताजमध्ये 1973 साली गोल्डन ड्रॅगन सुरू झालं. सेच्वान प्रांताचं तिखट जेवण मुंबईच्या श्रीमंतांनी पहिल्यांदा चाखलं ते तिथे. त्याचीच वारसदार म्हणजे गाडीवरची शेजवान चटणी, फक्त सेच्वानची ती जीभ बधिर करणारी मिरी वाटेत कुठेतरी गळून पडली आणि तिच्या जागी लसूण दुप्पट झाला.

मंच्युरियनचा तर जन्मच इकडचा. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वाँग 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक सांभाळत होते. काहीतरी नवीन कर, अशी गिऱ्हाइकाची फर्माईश आली तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपल्याकडचं वाटणच घेतलं. गरम मसाला वगळला, सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉवर लावून चिकन तळलं. मांचुरियात हा पदार्थ कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पुढे चिकनच्या जागी कोबी आला आणि शाकाहारी मंच्युरियन गल्लोगल्ली पोचलं. वाँग ज्या कोलकात्यातून आले, तिथे चिनी माणसं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. शहरातल्या टांगरा भागात कातडी कमावणाऱ्या हक्का लोकांनी आपलं जेवण बंगाली जिभेच्या कलाने वळवलं आणि हक्का नूडल्स हे नाव देशभर गेलं. 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर देशातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, कित्येकांनी देश सोडला. माणसं पांगली, पदार्थ मात्र पसरत गेले.

तसा या किनाऱ्याला चिनी माल नवा नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिन्सखोटेन हा डच प्रवासी गोव्यात राहिला होता. त्याने याच किनाऱ्यावरच्या चौलबद्दल लिहून ठेवलंय, की तिथे चीनमधून कच्चं रेशीम येतं आणि चौलचे विणकर त्याचं कापड विणतात. कच्चा माल बाहेरचा, कारागिरी इथली. तेव्हा रेशमाचं झालं, आता कोबीचं होतंय.

कारागिरी हा शब्द इथे उगाच वापरलेला नाही. गाडीवर ताडपत्री निघते संध्याकाळी, पण कामाला सुरुवात दुपारी, घराच्या पडवीत. आधी भात. रायगड तांदळाचा जिल्हा असला, तरी घरच्या शेतातला नवा तांदूळ इथे कामाचा नाही, तो चिकट होतो. जुना, सुटा होणारा तांदूळ लागतो. दाणा जरा कणीदार असतानाच तो वेळून परातीत पसरायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. नूडल्सचंही तसंच: उकळत्या पाण्यातून काढल्या की लगेच गार पाणी, मग तेलाचा हात. त्यानंतर कोबीचे गड्डे. एकजण नुसता कोबीच चिरत असतो, आणि त्याची सुरी बघत बसावं अशी चालते. मंच्युरियनसाठी किसलेला कोबी मिठात ठेवून पिळायचा, मैदा आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये वळून गोळे अर्धे तळून ठेवायचे. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, भरपूर लसणाबरोबर तेल सुटेपर्यंत परतायच्या. ही झाली शेजवान.

लॉलीपॉप करणाऱ्याचा हात वेगळा. कोंबडीच्या पंखाच्या हाडावरचं मांस सुरीने मोकळं करत एका टोकाला उलटं ढकलायचं, म्हणजे हाड दांडीसारखं उघडं राहतं. ज्या पंखाला एरवी फारसं कुणी विचारलं नसतं, त्याचे पैसे उभे राहतात.

मग रात्री जे घडतं ते फक्त आगीचं काम. खाली एकोणीस किलोचं व्यावसायिक सिलिंडर, वर हाय प्रेशरचा बर्नर, त्यावर गोल बुडाची लोखंडी कढई. कारागिराच्या डाव्या हातात कढईचा दांडा, उजव्या हातात पळी. त्या पळीनेच तो तेल घेतो, त्याच पळीच्या टोकाने मीठ, पांढरी मिरपूड आणि अजिनोमोटो उचलतो, तिनेच सोया आणि व्हिनेगरचा फटकारा मारतो. चव बघत नाही. भात हवेत उडतो, ज्वाळा कढईच्या काठावरून आत डोकावते, आणि तीन-चार मिनिटांत प्लेट भरते. घरी हाच राईस गिचका का होतो, याचं उत्तर या ज्वाळेत आहे. घरच्या शेगडीवर भाजीला पाणी सुटतं आणि भात वाफेवर शिजत राहतो. इथे पाणी सुटायच्या आत उडून जातं. म्हणून एका वेळी दोन-तीन प्लेटींपेक्षा जास्त टाकायचं नाही, कितीही गर्दी असो.

"दादा, एक ट्रिपल, एक मनचाव वन बाय टू, आणि पोरीसाठी हाफ हक्का, तिखट नको."

"ताई, दहा मिनिटं. आधी पार्सल काढतो."

ट्रिपल म्हणजे भात, नूडल्स आणि वर ग्रेव्ही, शिवाय कुरकुरीत तळलेल्या नूडल्सचा थर. एवढं एका प्लेटीत बसवण्याची कल्पना ज्याने काढली, त्याला गिऱ्हाइकाचं मन नक्की कळत होतं. चायनीज भेळ ही आणखी एक पायरी पुढची: तळलेल्या नूडल्स, कच्चा कोबी, कांद्याची पात, वर शेजवान. शाळेतल्या पोरांच्या खिशाला परवडणारी.

गाडीचं वेळापत्रक या किनाऱ्याच्या पंचांगावर चालतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मासळी महाग होते, घरचं कालवण सुकटीवर येतं, आणि गाडीवर लॉलीपॉपचा खप वाढतो. श्रावण लागला की कोंबडी बसते आणि मंच्युरियन उभं राहतं. गणपती गेले की पुन्हा गर्दी. थंडीत आगरी-कोळी गावांतून टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा रात्र-रात्र चालतात आणि मैदानाच्या कडेला गाडी आधी पोचलेली असते. हळदीच्या रात्रीही वडे-मटणाच्या जोडीला मांडवात चायनीजचा काउंटर लागू लागला आहे. गाडीवर चार-पाच हंगाम हाताखाली काढलेला पोरगा स्वतःची गाडी टाकतो. पूर्वी बहुतेक कारागीर नेपाळ किंवा बंगालकडचे असत. आता त्यांच्या शेजारी आगरी, कोळी, आदिवासी पोरंही दिसतात.

तक्रारी आहेतच. अजिनोमोटोची तर सगळ्यांत जुनी. 1908 साली इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव वेगळी काढली. 1968 साली एका डॉक्टरने अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चिनी जेवणानंतर मान बधिर होते, आणि त्या एका पत्राने या पुडीला जी बदनामी चिकटली ती पुढच्या प्रयोगांत पक्की सिद्ध झाली नाही तरी सुटली नाही. खरी काळजी रंगाची आणि वारंवार तापवलेल्या तेलाची करायला हवी. शेजारच्या गोव्यात म्हापसा नगरपालिकेने 2024 मध्ये गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवरच बंदी घातली; त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकाने या पदार्थात कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. म्हापशाचा उपाय आडदांड, कर्नाटकाचा शहाणपणाचा. मंच्युरियन लालभडक नसलं तरी चवीला तेच लागतं, हे कुठलाही कारागीर सांगेल. पण फिका लॉलीपॉप गिऱ्हाईक परत करतं, हेही तोच सांगेल.

2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मुंबईच्या गाड्या थेट बोटीतून उतरू लागल्या. त्यांच्यासाठी काही गाडीवाल्यांनी मेनूकार्डात प्रॉन्स शेजवान, प्रॉन्स हक्का असे पदार्थ घातले. ते विकलेही जातात, शनिवार-रविवारी, बाहेरच्यांना. गावातलं गिऱ्हाईक त्या ओळीवर बोट ठेवून हसतं, आणि चिकन सांगतं.