मेमरी कुठे तुंबते?

एखादा प्रोग्राम जितका वेळ चालेल तितकी त्याची मेमरी फुगत गेली, की त्याला ‘मेमरी लीक’ किंवा सरळ ‘गळती’ म्हणायची पद्धत आहे. शब्द रुळला आहे, पण तो चित्र उलटे उभे करतो. गळक्या पिंपातले पाणी बाहेर जाते आणि पिंप रिकामे होते. इथे बाहेर काहीच जात नाही, सगळे आतच साचत राहते. हा प्रकार मोरी तुंबण्याचा आहे. गळती म्हटले की आपण भोक शोधू लागतो, म्हणजे पर्यायाने कुणाची तरी चूक. तुंबले म्हटले की प्रश्नच बदलतो: अडकले आहे काय, आणि ते कशाने धरून ठेवले आहे? आलेख आणि चित्रे काढणाऱ्या लायब्ररींच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय निदान होत नाही, आणि टास्क मॅनेजरमधला वाढता आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही, असे माझे म्हणणे आहे.

उदाहरण घेऊ मॅटप्लॉटलिबचे. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पडद्यावर पाहता यावेत म्हणून जॉन हंटर या मज्जाविज्ञानाच्या संशोधकाने पायथनमधली ही लायब्ररी लिहायला घेतली आणि 2003 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आज विज्ञानाच्या क्वचितच एखाद्या शाखेत तिचे आलेख दिसत नाहीत. 2019 मध्ये जगाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा पाहिली, त्यामागच्या सॉफ्टवेअरमध्येही ती होती. तिचा साधा आलेख ठरलेल्या मापात 640 बाय 480 पिक्सेलचा असतो. दर पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट धरले, तर नुसत्या रंगांच्या कॅनव्हासला 12,28,800 बाइट लागतात, म्हणजे सव्वा मेगाबाइटच्या आसपास. छपाईसाठी दहा बाय आठ इंचांचा आलेख 300 डीपीआयने काढला, तर हाच आकडा पावणेतीन कोटी बाइटच्या पुढे जातो. डिस्कवर जपलेली फाइल मात्र दाबून लहान केलेली असते, त्यामुळे ती पाहून मेमरीचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. शंभर अक्षरांची एक ओळ विसरली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. छपाईच्या मापाचे शंभर आलेख विसरले तर लहान सर्व्हर आडवा होतो.

आता हे आलेख विसरते कोण? बहुतेक वेळा कुणीच नाही. मॅटप्लॉटलिबचा पायप्लॉट हा भाग मॅटलॅबची सवय असलेल्यांना घरच्यासारखे वाटावे अशा बेताने रचला आहे. ‘पहिल्या आकृतीकडे परत जा, तिच्यावर आणखी एक रेघ काढ’ असे वापरणारा केव्हाही म्हणू शकतो, म्हणून पायप्लॉट प्रत्येक आकृतीची नोंद आपल्या वहीत ठेवतो आणि ‘बंद कर’ असे स्पष्ट सांगेपर्यंत ती खोडत नाही. वीसपेक्षा जास्त आकृत्या उघड्या राहिल्या की तो इशाराही देतो. समोर बसून दोन-चार आलेख काढणाऱ्याला ही सोय आहे. रात्रभर हजारो आलेख काढून फाइलीत टाकणाऱ्या प्रोग्रामला तीच अडचण होते. इथे एक आक्षेप हमखास येतो: पायथनमध्ये कचरा उचलणारी यंत्रणा आपोआप चालते, मग हे घडतेच कसे? पण ती यंत्रणा उचलते फक्त ज्याच्याकडे कुणीही बोट दाखवत नाही ते. वहीत नाव असलेली आकृती तिच्या लेखी कचरा नाही, आणि या बाबतीत तिचे बरोबरच आहे.

आकृती बंद केली तरी गोष्ट संपत नाही, आणि खरी गंमत पुढेच आहे. आकृतीकडे कॅनव्हासचा पत्ता असतो, कॅनव्हासकडे आकृतीचा. अक्ष आणि आकृती यांचेही तसेच. एकमेकांचे हात धरून उभ्या असलेल्या अशा साखळ्या सोडवायला पायथनला वेगळा झाडूवाला लागतो. तो वस्तूंच्या पिढ्या पाडतो: नव्या वस्तू दारातल्या टोपलीत, काही झाडलोटींतून टिकलेल्या जुन्या वस्तू माळ्यावर. टोपली भरली की तो उठतो आणि माळ्याकडे पाहायचे का, हेही तेव्हाच ठरवतो. शिवाय तो वस्तू मोजतो, त्यांचे वजन नव्हे. तीस मेगाबाइटचा कॅनव्हास आणि चार अंकांची यादी त्याला सारखीच. मॅटप्लॉटलिब सुरुवातीच्या काळापासून आकृती बंद करताना या झाडूवाल्याला स्वतःहून हाक मारत असे, पण टोपलीपुरतीच. माळा झाडायला सांगत नसे. हेतू चांगला होता. परिणाम असा की झटपट आकृती काढून लगेच बंद करणाऱ्या प्रोग्रामात टोपली कधी भरतच नसे. टिकलेले सामान माळ्यावर जाई, आणि टोपली रिकामी म्हणून माळ्याची पाळी येत नसे. साफसफाईच्या हाकेनेच अडगळ अमर्याद वाढत होती! अखेर ती हाक लायब्ररीतून काढून टाकली गेली. ज्यांना मेमरी फारच काटेकोर सांभाळायची आहे त्यांनी संपूर्ण झाडलोट स्वतः सांगावी, वेळेची किंमत मोजून. या प्रकरणात कुठेही भोक नव्हते. भोक शोधत बसलेल्याला ते कधीच सापडले नसते.

आणखी एक थर उरतोच. पायथनने मेमरी सोडली तरी ती लगेच ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाते असे नाही. लिनक्सवर मधला व्यवस्थापक ती पुढच्या मागणीसाठी राखून ठेवतो, आणि राखीव जागेचा मुख्य पट्टा आपोआप आखडतो तो फक्त वरच्या टोकाकडून. त्या टोकाशी एखादी चिमुकली वस्तू जिवंत असली तर खालची मोकळी जागाही प्रोग्रामच्याच नावावर दिसत राहते. आकडा मोठा, पण तुंबलेले काही नाही.

म्हणून निदानाची सुरुवात आकड्यापेक्षा त्याच्या चालीवरून करावी. तेच काम शंभरदा, मग हजारदा करून पाहावे. मेमरी चढून एका पातळीवर स्थिरावली तर तो राखीव साठा किंवा फॉन्ट वगैरेंची एकदाच करायची तयारी. चढण सरळ रेषेत चालूच राहिली, तर दर फेरीला किती बाइट वाढले ते काढावे. बारा लाखांच्या आसपास आले तर अख्खा कॅनव्हास अडकला आहे. चार-पाचशे बाइट आले तर कॅनव्हास निर्दोष, चोर दुसरा. हा साधा भागाकार अवजारांच्या आधी करावा, एवढा माझा हट्ट आहे. पायथनमध्ये 2014 पासून असलेले ट्रेसमॅलॉक दोन क्षणांची छायाचित्रे ताडून कोणत्या ओळीने मागितलेली मेमरी वाढली ते दाखवते. पण लायब्ररीच्या सी++ भागाने परस्पर घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. तिथे व्हॅलग्राइंड लागते. ते प्रोग्रामला कैकपटींनी मंद करते, पण त्याच्या अहवालात ‘नक्की हरवलेले’ आणि ‘अजून हाताशी असलेले’ असे वेगळे रकाने असतात. म्हणजे गळती आणि तुंबणे यांतला फरक अवजार बनवणाऱ्यांनी केव्हाच मान्य केला आहे. तो बोलण्यात उतरलेला नाही, इतकेच.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, मेमरी स्वस्त आहे, प्रोग्राम अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमुक इतकी कामे झाली की कामगार प्रक्रिया संपवून नवी उभी करण्याची सोय पायथनच्या स्वतःच्या मल्टिप्रोसेसिंग भागातच आहे, आणि परक्या लायब्ररीतला दोष आपल्या हातात नसेल तेव्हा ती शहाणपणाचीच ठरते. पण ‘अमुक इतकी’ म्हणजे किती? 512 मेगाबाइटची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर दर आलेखामागे सव्वा मेगाबाइट अडकत असेल, तर लायब्ररीचा स्वतःचा भार धरता चारशे आलेखांच्या आतच प्रक्रिया बदलावी लागेल; दर आलेखामागे पाचशे बाइट अडकत असतील, तर लाख आलेख निघाले तरी साचणार पन्नासएक मेगाबाइट.