विश्लेषण : ‘आधी तू, मग मी’ पद्धतीचे व्हिडीओ गेम अजून चालतात का?

मोबाइल गेम म्हटले की धडाधड गोळीबार डोळ्यांसमोर येतो. पाळीपाळीने लढण्याचा प्रकार जुनाट झाला, असे गेली काही वर्षे बोलले जात होते. मात्र २०२५ मध्ये याच प्रकारातील गेमने वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान पटकावला. गेम बनवू पाहणाऱ्या अमरावती-अकोल्यातील विद्यार्थ्यांसाठी त्याचा अर्थ काय?

हा प्रकार नेमका काय?
‘टर्न-बेस्ड’ म्हणजे सारीपाट किंवा बुद्धिबळासारखा खेळ. ‘रोल-प्लेइंग’ गेममध्ये खेळाडू कथेतील पात्र होतो. लढाईत आपली पाळी आली की वार करायचा, बचाव करायचा की औषध वापरायचे, हे ठरवायचे. मग शत्रूची पाळी. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि ‘फायनल फँटसी’ (१९८७) यांनी हा प्रकार घरोघरी नेला.

मग शंका का?
नव्या पिढीला थांबणे आवडत नाही, असा तर्क होता. ‘फायनल फँटसी’च्या सोळाव्या भागाने २०२३ मध्ये थेट हाणामारी स्वीकारली. नफा मात्र अपेक्षेइतका झाला नाही, हे कंपनीने पुढे मान्य केले.

आकडे काय सांगतात?
त्याच वर्षी ‘बाल्डर्स गेट ३’ या पाळीच्या गेमच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या फ्रान्सच्या ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’च्या १० लाख प्रती तीन दिवसांत, तर ५० लाख प्रती ऑक्टोबरपर्यंत विकल्या गेल्या. त्याचा मूळ चमू जेमतेम तीसेक जणांचा. शत्रूची पाळी असतानाही वेळ साधून वार चुकवण्याची सोय त्यात आहे. म्हणजे जुना साचा तसाच नव्हे, सुधारून चालला.

वऱ्हाडाशी संबंध काय?
बडनेरा ते अकोला प्रवासात नेटवर्क गेले, की थेट लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू बाद होतो. इंटरनेटशिवाय चालणारा पाळीचा गेम तिथेच थांबतो आणि पुढे सुरू होतो. साध्या फोनवरही तो चालवता येतो. नवी मुंबईच्या कंपनीचा ‘लुडो किंग’ हा ‘रोल-प्लेइंग’ नाही; पण ५० कोटींहून अधिक डाउनलोड मिळवून पाळीच्या खेळाला भारतात गिऱ्हाईक आहे, हे त्याने दाखवले.

धोका कुठे?
लहान चमूला वेगवान ऑनलाइन सर्व्हरचा खर्च वाचतो. मात्र कथा आणि डावपेच कच्चे असतील तर खेळाडू दहा मिनिटांत कंटाळतो. गेम फुकट देऊन आतल्या वस्तू विकण्याचा मार्ग चीनच्या ‘होन्काई : स्टार रेल’ने यशस्वी केला, पण त्यासाठी सतत नवी पात्रे, नव्या कथा द्याव्या लागतात. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली आहे.

थोडक्यात, बाजार संपलेला नाही. पाळी येईपर्यंत खेळाडूला विचारात गुंतवून ठेवणाऱ्यालाच तो मिळेल.