उपेक्षेने राखलेले चर्च

इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम परगण्यात, वेअर नदीच्या काठी, एस्कंब नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील चर्चला ना उंच मनोरा, ना शिल्पांचा दिमाख. परंतु ही अरुंद, निराभरण वास्तू सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुमारे ६७५ साली, उभी राहिली असावी असे वास्तुतज्ज्ञ मानतात, आणि इतक्या प्राचीन काळचे चर्च जवळजवळ अखंड स्वरूपात टिकल्याची उदाहरणे त्या देशात फारच विरळा आहेत.

तिचे दगड तर तिच्याहूनही जुने आहेत. जवळच बिंचेस्टर येथे रोमन फौजेचे ठाणे होते. पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनवरील रोमन अंमल उठला, ठाणे ओस पडले, आणि पडक्या गढीचा चिरा गावच्या पाराला लागावा तसे तेथील घडीव चिरे सॅक्सन गवंड्यांनी या कामी आणले. उत्तरेकडील भिंतीतल्या एका चिऱ्यावर रोमनांच्या सहाव्या पलटणीचे नाव कोरलेले असून ते उलटे बसले आहे. बसवणाऱ्याला अक्षरओळख नसावी, किंवा गेलेल्या सत्तेची त्याला मातब्बरी उरली नसावी.

मुख्य दालन रुंदीच्या सुमारे तिप्पट लांब असून भिंती त्या मानाने फारच उंच आहेत. दालन आणि वेदीची खोली यांमधील कमान एखाद्या रोमन इमारतीतून उतरवून येथे पुन्हा रचली असावी, असा तर्क आहे. तिच्या दोन्ही बाजूंस एक चिरा उभा, एक आडवा, अशी सॅक्सन धाटणीची रचना दिसते. मूळच्या खिडक्या लहान आणि बऱ्याच उंचीवर आहेत. त्या बाहेरून चिंचोळ्या व आत पसरट होत गेल्या असल्यामुळे थंडी अडते आणि थोडका उजेडही दालनभर फाकतो. दक्षिणेच्या भिंतीवर, सर्पाकृतीने वेढलेली, प्रार्थनेच्या वेळा दाखवणारी सूर्यघटिका आहे.

कागदोपत्री एस्कंबचा उल्लेख येतो तो दहाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही डरहॅमच्या बिशपने हे गाव सरदारांकडे गहाण टाकले म्हणून! पुढे मध्ययुगात सधन गावांनी आपापली जुनी चर्चे पाडून ऐसपैस नवी बांधली. एस्कंबला मात्र काही खिडक्या आणि एक देवडी यांपलीकडे फारशी भर पडली नाही, आणि मूळ घडण शाबूत राहिली ती बहुधा याच कारणाने. १८६३ साली मात्र, जागा अपुरी पडते म्हणून, टेकडीवर नवे चर्च बांधण्यात आले आणि जुने बेवारस झाले. त्याची प्राचीनता ध्यानी येऊन १८८० च्या सुमारास जीर्णोद्धार झाला नसता, तर तेही दगडांची खाणच ठरले असते. पुढे ते नवे चर्च धोकादायक होऊन विसाव्या शतकातच जमीनदोस्त करावे लागले, आणि गावाची उपासना पुन्हा तेराशे वर्षांच्या जुन्या भिंतींआड होऊ लागली.