पदवी नाशिकची, शिक्षण गावोगावचे

'नीट'चा निकाल लागला की प्रवेशाची धावपळ सुरू होते. मुलीला नागपूरच्या किंवा मिरजेच्या महाविद्यालयात जागा मिळते, पेढे वाटले जातात आणि वर्षभराने हाती आलेल्या गुणपत्रिकेवर नाव असते ते नाशिकचे! अनेक पालकांना याचे आश्चर्य वाटते. त्याहून अधिक घोटाळा होतो तो काही अडचण आल्यावर. शुल्काची तक्रार असो वा प्रवेशाची, सर्व अर्ज नाशिकच्या दिशेने धाडले जातात आणि मोलाचे दिवस वाया जातात.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ साली झाली. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळजवळ त्याचे मुख्यालय आहे. त्यापूर्वी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्या त्या भागातील पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली होती. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही बारा वर्षांनी थोरले, पुण्याचे बी. जे. महाविद्यालय पुणे विद्यापीठाकडे, नागपूरचे नागपूर विद्यापीठाकडे. प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे आणि निकालांच्या तारखाही निराळ्या. कला-वाणिज्याच्या हजारो उत्तरपत्रिकांच्या गराड्यात वैद्यकीय परीक्षांना स्वतंत्र लक्ष मिळणे अवघडच होते. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा शाखा त्यामुळे एका छत्राखाली आणण्यात आल्या.

हे विद्यापीठ मुख्यत्वे संलग्नता देणारे आहे. विद्यार्थी शिकतो तो आपल्या महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या रुग्णालयात. अभ्यासक्रमाची अंमलबजावणी, परीक्षा, निकाल आणि पदवी ही कामे विद्यापीठाची. खुद्द नाशिकमध्ये आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय किंवा गणेशवाडीचे आयुर्वेद महाविद्यालय येथील विद्यार्थ्यांचे आणि विद्यापीठाचे नाते मुंबईतील विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे नाही. विद्यापीठाचे आवार जवळ, एवढाच काय तो फरक.

प्रवेश मात्र विद्यापीठ देत नाही. राज्याच्या कोट्यातील प्रवेशफेऱ्या मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष राबवतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क ठरवते ते शुल्क नियामक प्राधिकरण. एमबीबीएसचे निकष आणि जागांची संख्या दिल्लीतून ठरते. पूर्वी हे काम भारतीय वैद्यक परिषदेकडे होते, २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. शिक्षण संपल्यावर व्यवसायासाठी लागणारी नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करावी लागते. सामान्य माणसाला हे सारे 'सरकार'च वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी खरा संबंध येतो तो परीक्षेत. शालेय जीवनात सदैव अव्वल राहिलेल्या मुलांना एमबीबीएसचे पहिले वर्ष जड जाते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीनच विषय, पण त्यांचा आवाका अफाट. लेखी परीक्षेत मिळवलेल्या घसघशीत गुणांनी प्रात्यक्षिकातील अपयश झाकले जात नाही. लेखीसाठी ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के उपस्थिती नसेल तर परीक्षेला बसताच येत नाही. पूर्वी नापास झालेल्यांची सहामाही 'ऑड बॅच' असे. आता तसा वेगळा वर्ग नाही. पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास विद्यार्थी आपल्याच तुकडीसोबत पुढे जातो, अन्यथा मागच्या तुकडीत बसावे लागते. पहिल्या वर्षासाठी चारच संधी मिळतात, त्यानंतर डॉक्टर होण्याची वाट बंद होते. प्रवेशाच्या आनंदात हा नियम कोणी वाचत नाही. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता असा हा साडेपाच वर्षांचा प्रवास आहे.

नावांवरून होणारी फसगत वेगळीच. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान या विद्यापीठाशी संलग्न आहे. तेथून जवळच असलेले सावंगीचे महाविद्यालय मात्र अभिमत विद्यापीठाचे. लोणीचेही तसेच. तेथील परीक्षा, पदवी आणि शुल्काची पद्धत स्वतंत्र असते. बी.फार्म. 'आरोग्या'चा अभ्यासक्रम असूनही या विद्यापीठात नाही; नाशिकमधील औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांना पदवी मिळते ती पुणे विद्यापीठाची.

सर्वाधिक गल्लत होते परिचर्येत. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आरोग्य विद्यापीठाची, तर एएनएम आणि जीएनएम या अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. एकाच इमारतीत, एकाच फलकाखाली दोन्ही वर्ग भरू शकतात. 'विद्यापीठाशी संलग्न' हे शब्द फलकावर ठळक असले, तरी ते नेमक्या कोणत्या वर्गासाठी आहेत हे विचारल्याशिवाय कळत नाही. संलग्नता महाविद्यालयाला सरसकट मिळत नसते; ती अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक प्रवेशक्षमतेसाठी असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालयाकडे त्या वर्षाचे, त्याच अभ्यासक्रमाचे संलग्नतापत्र मागावे आणि विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीशी ते ताडून पाहावे. पत्र दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर त्या दिवशी धनादेश लिहू नये.