ऑपेरा यात्रेला येतो तेव्हा
लेखमाला : गाणारं नाटक (भाग ७)

आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरस सोडते. खुडूसला गोल रिंगण होतं आणि मग आमच्या वेळापूरच्या अलीकडे, धावबावी माउंटावर, सगळा सोहळा थबकतो. इथूनच तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरीही उतारावरून धावतात. याच ठिकाणी मानाचं भारूड होतं. लुगडं नेसलेला बाप्या मध्ये उभा, मागे टाळकरी, समोर माणसांचा नुसता पूर. ना तिकीट, ना खुर्ची, ना पडदा. तरी सोंग काढणाऱ्यानं पहिली ओळ उचलली की मागचा कोरस ती झेलतो, अभिनय सुरू होतो, मध्येच बोलणं, पुन्हा गाणं. पाहणाऱ्यांपैकी एकालाही "हे कोणतं कलामाध्यम?" असा प्रश्न पडत नाही.

गेल्या भागात आपण ऑपेराची अंगं पाहिली. लिब्रेतो म्हणजे संहिता, रेसिटेटिव्ह म्हणजे बोलण्याच्या अंगानं जाणारं गाणं, आरिया म्हणजे थांबून मन मोकळं करणारं पद. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'शी, म्हणजे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात सुरू झालेल्या त्या परंपरेशी, तुलनाही केली. किर्लोस्करांची पात्रं गद्यात बोलतात आणि पद, साकी, दिंडीत गातात. ऑपेरात बहुधा सगळंच गायलं जातं. तो भाग वाचून गावातल्या एका मित्रानं गाठलं. म्हणाला, "ह्ये समदं ठीक हाय, पर आपल्याकडं ह्ये बगणार कोण?"

आजचा भाग त्याच्यासाठी.

ऑपेरा जन्मला तो राजवाड्यातल्या लग्नकार्यात. १६०० साली फ्लॉरेन्समध्ये मारिया दे मेदिची हिचा फ्रान्सच्या राजाशी विवाह झाला. त्या समारंभात याकोपो पेरीचं 'युरिदिचे' झालं, आणि पूर्ण संगीतासह आजही हाती असलेला सगळ्यात जुना ऑपेरा तोच. सात वर्षांनी मांतुआच्या दरबारात क्लाउदिओ माँतेवेर्दीचा 'ऑर्फेओ' झाला, तोही कार्निव्हलच्या दिवसांत. दोन्ही वेळा प्रेक्षक म्हणजे निमंत्रित पाहुणे.

दरवाजा उघडला तो व्हेनिसनं. १६३७ मध्ये तिथलं सान कासिआनो नाटकगृह तिकीट काढून येणाऱ्या कुणालाही ऑपेरा दाखवू लागलं. हंगाम कोणता, तर पुन्हा कार्निव्हलचाच. श्रावण लागण्याआधी आपण आखाड करून घेतो ना, तसा लेंटच्या उपासांआधी ख्रिस्ती जग कार्निव्हल साजरा करत आलं आहे. त्या दिवसांत व्हेनिसमध्ये मुखवटे चढायचे. मुखवट्यामागे सरदार कोण आणि सामान्य कोण, हे चटकन कळायचं नाही. बाहेरगावचे लोक शहरात लोटायचे, खिशात पैसे असायचे आणि रात्री मोकळ्या असायच्या. गर्दी आधीच जमलेली होती, ऑपेरा त्या गर्दीत जाऊन उभा राहिला. पुढच्या काही दशकांत त्या एका शहरात ऑपेराची अनेक नाटकगृहं निघाली.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. नाटकगृहात प्रेक्षक पाहुणा असतो. कपडे कसे घालावे, टाळी कधी वाजवावी, न कळलं तर चेहरा कसा ठेवावा, याचं दडपण त्याच्यावर. उत्सवात उलटं होतं. गाव यजमान, कला पाहुणी. यजमानाला पाहुण्याची भाषा येत नसली तरी त्याला संकोच वाटत नाही. पाणी देऊन तो चौकशी करतोच.

आपल्या माणसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तंजावरचे भोसले राजे शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण' लिहिलं, तसं तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे गेय नाटक रचलं. पल्लकी म्हणजे पालखी. तिरुवारूरच्या त्यागराज या देवाची पालखीसेवा हाच त्याचा विषय. व्हेनिसमध्ये कार्निव्हलचा ऑपेरा भरात होता, त्याच काळात एक मराठी राजा देवाच्या पालखीभोवती गाणारं नाटक बांधत होता.

उरलेलं अर्धं उत्तर आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, अकलूजला आहे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ पासून तिथं राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. तोवर लावणी ही घरातल्या बायकांनी बघायची गोष्ट नव्हती. पुरुष तंबूत जात, आणि घरी त्याविषयी बोलत नसत. अकलूजला तीच लावणी गावाच्या समारंभात, परीक्षकांसमोर, घुंगरू-ढोलकी-पेटीच्या साथीनं उभी राहिली आणि लेकी-सुना-सासवा कुटुंबासह ती बघायला बसल्या. लावणी काही सोवळी करून दाखवली नव्हती. बदलला तो भोवतालचा मांडव. कलावंतिणीच्या अदाकारीला गुण मिळतात, तिच्या गळ्याला बक्षीस मिळतं, हे दिसल्यावर बघणाऱ्याची नजर आपोआप बदलली.

ऑपेराची अडचण याच्या उलट जातीची आहे. लावणीला लोक खालची समजत होते, ऑपेराला फार वरची समजतात. दोन्हींत प्रेक्षक बाहेरच राहतो. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झालं. पुढे तिथं नाटकं झाली, सिनेमे लागले, आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली. ती पुन्हा उघडली २०१६ च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या चित्रपट महोत्सवाच्या निमित्तानं, आणि मूळच्या मुंबईकर असलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथं गायल्या. बंद पडलेल्या ऑपेरागृहात माणसं परत आली ती शहराच्या एका उत्सवाचं बोट धरून.

वरच्या पायरीवरची कला खाली आणण्याचा आणखी एक मार्ग आहे, चालीच बदलण्याचा. १७२८ मध्ये लंडनमध्ये जॉन गे यानं 'बेगर्स ऑपेरा' लिहिला. इटालियन आरियांच्या जागी त्यानं लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घातल्या आणि राजाराण्यांच्या जागी चोर-भामटे. बरोबर दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली तो मराठीत आणला, तेव्हा पु. ल. देशपांड्यांनी नाव ठेवलं 'तीन पैशाचा तमाशा'. ऑपेरा या शब्दाला मराठीत एवढा चपखल प्रतिशब्द दुसऱ्या कुणी दिलेला मला माहीत नाही. गण, गौळण, बतावणी, वग असा तमाशाचा क्रम पाहिला, तर वग हे आपलं गाणारं-बोलणारं नाटकच आहे.

पण पुलंची वाट प्रतिभावंताची. मूळ इटालियन आरिया जशीच्या तशी गावात ऐकवायची असेल तर काय करावं? शहरांतल्या ऑपेरागृहांनी १९८३ पासून एक तोडगा वापरला आहे. टोरंटोत त्या वर्षी रंगमंचाच्या वर पडद्यावर चालू प्रयोगाचा अनुवाद दाखवला गेला आणि ती पद्धत जगभर पसरली. आम्हाला त्या पडद्याची गरज नाही. आमच्याकडे नारदीय कीर्तनकार आहे. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान; संस्कृत श्लोक म्हणायचा, लगेच सोपा करायचा, पुन्हा गायचा. अवघड शब्द गाण्यात न मोडता उलगडून दाखवण्याची ही कला शेकडो वर्षं रुळलेली आहे.

म्हणून मी मित्राला एक बेत सांगितला. आमच्या वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या यात्रेत रात्रीचा तासभर घ्यायचा आणि माँतेवेर्दीच्या 'ऑर्फेओ'तले दोनच प्रसंग. कीर्तनकारानं उभं राहून सांगायचं : सावित्रीनं यमाला बोलण्यात जिंकलं आणि नवरा परत आणला. दूर ग्रीस देशी एकानं मृत्यूच्या राजाला गाण्यानं जिंकलं आणि बायको मागितली. अट एकच होती, वाटेत मागे वळून बघायचं नाही. त्यानं बघितलं. एवढं सांगून कीर्तनकारानं बाजूला व्हायचं आणि गायकानं सुरू करायचं. जुन्या इटालियन ऑपेरात बायकांच्या भूमिका कित्येकदा पुरुषच गात, याचं नवल तर इथं कुणाला वाटणारच नाही. देवच अर्धनारी आहे, भारुडात लुगडं नेसलेला बाप्या दरवर्षी दिसतो, आणि बालगंधर्वांचं नाव घेणारी म्हातारी माणसं अजून पारावर आहेत.

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पर त्यानं मागं बगितलं कशाला?"

प्रेक्षक मिळाला होता.

(पुढील भागात : ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवत?)