मावळची खोरी : चढाची जमीन व तिची राखण

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या डोंगरसोंडांमध्ये जी अरुंद खोरी आहेत, त्यांस मावळ म्हणतात. आंदर, नाणे, पवन, गुंजण, हिरडस ही नावे इतिहासामुळे सर्वांस परिचित आहेत. परंतु जमीन कसणाराने त्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे बनलेले आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो. मऊ थर झिजून त्याची पायरी होते. भेगांतून मुरलेले पाणी खालच्या न पाझरणाऱ्या थरावर अडते व तेथेच झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. वाड्या बहुधा अशा झऱ्यांच्या आश्रयाने वसलेल्या आढळतात, त्याचे कारण हेच होय.

पावसाचे मान तर विलक्षण आहे. लोणावळ्यास वर्षास सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या ६० किलोमीटरांवरील पुण्यास सुमारे ७०० च पडतो. खोऱ्याच्या तळाशी गाळाची खाचरे असून तेथे आंबेमोहोर व इंद्रायणी भात उत्तम येतो. चढावरील वरकस जमिनीत मातीचा थर पातळ, म्हणून तेथे नाचणी, वरई व खुरासणी ही पिके घेतात. वरची माती वाहून गेली की वरकस उघडी पडते, आणि तिच्याबरोबर आलेल्या दगडगोट्यांनी खालचे खाचरही बिघडते. सारांश, डोंगर व खाचर ही दोन शेते नसून एकच शेत होय.

ह्याचे विस्मरण किती महाग पडते, हे ३० जुलै २०१४ रोजी दिसून आले. त्या दिवशी मावळाच्या उत्तरेस, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

पावसावर आपला ताबा नाही. उतारावर मात्र काही अंशी आहे. माथ्यावरील झाडोरा राखावा. नांगरट उतारास आडवी करावी. दगडी ताली पावसाळ्यापूर्वी दुरुस्त कराव्यात व प्रत्येक तालीस पाणी जाण्यास पक्का सांडवा ठेवावा. कारण कोंडलेले पाणी बांध फोडते. घरासाठी वा रस्त्यासाठी डोंगराचा पायथा उभा तासू नये. चढावर नव्या भेगा पडल्या, झाडे कलली, किंवा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला, तर ती धोक्याची सूचना समजून वस्ती तत्काळ हलवावी.

शेजाऱ्याची ताल फुटली तर खालच्याचे खाचर जाते. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे; प्रत्येक खोऱ्यातील खातेदारांनी ते एकविचाराने, माथ्यापासून आरंभ करून, पावसाळ्यापूर्वी उरकावे, हेच श्रेयस्कर.